बोल्ट 'धरला' की 'जखडला'?

(बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी त्यांचं गाव किंवा वस्ती दिली आहे.)

धरमपेठ: जुन्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीची पुस्तिका मराठीत आणते आहे. वाचणार ते काटोल-सावनेरकडचे शेतकरी. 'सीझ्ड बोल्ट'पाशी अडले. मी 'जाम' लिहिलं, तर संपादक म्हणतात 'घट्ट बसलेला' लिहा. पण घट्ट तर प्रत्येक बोल्ट असायलाच हवा. गंजून गेलेला, पाना लावून जोर केला तरी न हलणारा, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?

काटोल: धरला म्हणतात जी. सायलेन्सरकडचे बोल्ट हमखास धरतात. 'घट्ट बसलेला' वाचून माणूस समजन का चांगला बसला आहे, हात नको लावू.

महाल: 'जखडलेला' का नको? पाठ जखडते, गुडघे जखडतात, तसाच बोल्ट. अस्सल शब्द आहे, कोणालाही कळेल. नाहीतरी बोल्ट, नट, जाम सगळं उसनंच. 'पाना'सुद्धा स्पॅनरचंच शेपूट. बोल्टवरच्या आट्यांना 'मळसूत्र' म्हणणारी पिढी आपल्या डोळ्यांदेखत गेली.

पुणे: पाना स्पॅनरवरून कशावरून? चपटा असतो म्हणून पानावरून आला असेल.

हिंगणा: मी फिटर आहे. ताई, 'जखडलेला' मला पटतो, पण एका शब्दात भागणार नाही. प्रकार वेगळे, उपाय वेगळे.

धरलेला म्हणजे गंजाने धरलेला. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांमधली फट भरून जाते. त्यात तेल मुरू द्यायचं, मुंडीवर हातोडीचे ठोके द्यायचे, आधी किंचित कसून मग सोडायचा. तरी नाही हलला तर तेल नीट पुसून गॅसची ज्योत नटवर धरायची, बोल्टवर नाही. नट आधी तापला की तो फुगतो आणि पकड सुटते. बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, भाग एकाच जागी तापवला तर तडकतो, हे पुस्तिकेत ठळक टाका.

मुंडी गोल झाली ही दुसरी गोष्ट. तिथे बोल्ट जागेवर, पाना नुसता फिरतो. जुन्या इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरला इंची मापं. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३चा पाना आरामात चढतो, पण ०.३ मिमीची ढील राहते. धरलेल्या बोल्टचे कोपरे खायला तेवढी पुरते.

आटे गेले म्हणजे बोल्ट गरगर फिरतो, बाहेर येत नाही. आणि मुंडीच तुटली तर उरलेल्या खुंटावर नट वेल्ड करून खोलायचा. वेल्डिंगच्या आचेनंही पकड सैल होते.

महाल: माहिती मोलाची. पण 'खोलायचा' हे हिंदी. मराठीत बोल्ट काढतात, सोडवतात.

काटोल: काऊन जी? इंजिन खोललं नाही म्हणाव तं काय उघडलं म्हणाव? उघडते तो डबा.

पुणे: इंजिन आमच्याकडेही खोलतातच. बोल्ट मात्र आधी ढिला करतात, मग काढतात.

धरमपेठ: मला हा फरक कामाचा वाटतो. 'ढिला करा' म्हणजे जागेवरच राहू द्या, 'काढा' म्हणजे बाहेर घ्या. सूचनेत ही दोन एक झाली तर भलताच भाग खाली पडेल.

उमरेड: 'कसणे' कोणी पाहिला का? शेत कसतो तोही कसणे, बोल्ट आवळतो तोही कसणे. माझ्या मते दोन्हींच्या मुळाशी संस्कृत 'कृष्', म्हणजे ओढणे. नांगर ओढायचा, दोरी ओढायची. पुस्तिकेत 'आवळा'ऐवजी 'कसा' लिहा, शेतकऱ्याच्या तोंडातलाच शब्द आहे.

पुणे: 'बोल्ट कसा' हे वाक्य मी प्रश्न म्हणून वाचेन.

उमरेड: 'कसून घ्या' लिहा मग. शब्द टाकू नका.

धरमपेठ: 'कसून घ्या' घेते. आता 'धरलेला' की 'जखडलेला', तेवढं सांगा.

महाल: जखडलेला.

काटोल: धरलेला. अन् नटाले ढिबरी लिहा, जुने मिस्त्री तेच म्हणत.

गोंदिया: आमच्या घरात ढिबरी म्हणजे रॉकेलची चिमणी. नटाला ढिबरी कुठे म्हणतात?

हिंगणा: हिंदीत दोन्हीला म्हणतात. माझ्या उस्तादांच्या तोंडी ढिबरी म्हणजे नटच होता.

गोंदिया: मग चिमणीला तिकडे काय म्हणतात?