कारिये: पडदे, वीस युरो आणि गावकुसाबाहेरचं चर्च

पायवाट

इस्तंबूलला जाणारी आपली मंडळी हागिया सोफियाची रांग, ब्लू मॉस्क आणि मसाल्यांच्या ढिगांसमोरचे फोटो एवढं उरकून परततात. मी एक दुपार काढून एदिर्नेकापीला, पार जुन्या तटाजवळ गेलो, तो कारिये मशिदीसाठी. मूळ नाव खोरा. ग्रीकमध्ये खोरा म्हणजे शिवार, गावकुसाबाहेरची जागा. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या तटाबाहेर हा मठ होता. पाचव्या शतकात सम्राट थिओडोसियसच्या काळी तट पुढे सरकला, मठ आत आला, नाव तेवढं बाहेरचं राहिलं.

आतली चित्रांची कुसर १३१५ ते १३२१ च्या दरम्यानची, थिओडोर मेटोखाइटिस या बायझंटाइन सम्राटाच्या बड्या प्रधानानं करवून घेतलेली. दारावर तो स्वतःही आहे. पांढऱ्या-सोनेरी पट्ट्यांचा भोपळ्याएवढा फेटा डोक्यावर, गुडघे टेकलेले, हातात चर्चची छोटी प्रतिकृती, ती ख्रिस्ताला देतोय. मला मात्र खिळवलं बाहेरच्या ओसरीतल्या शिरगणतीच्या चित्रानं. सुभेदार उंच आसनावर, मधे कारकून लांबलचक गुंडाळी उलगडून उभा, समोर दिवस भरत आलेली मरियम अंग चोरून उभी, मागे जोसेफ. हे सगळं काचेच्या आणि दगडाच्या नखाएवढ्या तुकड्यांत. त्या कारकुनाला मी आमच्या तलाठी कार्यालयात पाहिलेलं आहे.

आता वादाचा मुद्दा. १९४५ साली सरकारनं याचं संग्रहालय केलं होतं. २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांच्या हुकमानं पुन्हा मशीद, मे २०२४ पासून नमाज सुरू. ओसऱ्या आणि बाजूचं दफनदालन बघता येतं, मान्य. पण मुख्य दालनात किब्ल्याच्या, म्हणजे नमाजाच्या दिशेच्या, दोन्ही अंगांना ख्रिस्त आणि मरियम आहेत, त्यांच्यावर पडदे. मी पोचलो तेव्हा अस्रची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, अजान झाली, म्हणून उंबऱ्याशीच थांबलो. तिसरं चित्र मरियमेच्या निधनाचं, ते नेमकं त्याच दरवाजाच्या वर, आतल्या अंगाला. म्हणजे उंबऱ्यावरच्या माणसाच्या डोक्यावरच, पण मान मोडली तरी दिसणार नाही!

परदेशी पाहुण्याला तिकीट २० युरो, नमाजीला फुकट. मशीद म्हणता तर तिकीट कसलं, आणि संग्रहालयाचे पैसे घेता तर पडदा कसला? दोन्ही डगरींवर हात. माझ्या मते संग्रहालयच बरं होतं.

खडीसाखर

वर्णन आवडलं, मत अजिबात नाही.

अतिक अली पाशानं १५११ च्या सुमारास याची मशीद केली. तिथपासून १९४५ पर्यंत म्हणजे सव्वाचारशेहून जास्त वर्षं तिथे नमाज होता. मेटोखाइटिसची चित्रं लागल्यापासून मशीद होईपर्यंत दोनशे वर्षंही भरत नाहीत. संग्रहालय तर जेमतेम पाऊणशे वर्षं. यातला सगळ्यात तोकडा काळ धरून तुम्ही म्हणताय, तेच बरं होतं. कारण एकच, तेव्हा तुम्हाला मधोमध उभं राहून फोटो काढता आला असता.

आणि ऑटोमनांनी ही चित्रं खरवडून काढली नाहीत. गिलावा मारला. त्या गिलाव्यामुळेच आज तुम्हाला तुमचा तलाठी भेटला.

तिरकस

खडीसाखर, गिलाव्याला एवढं श्रेय देऊ नका. सगळं काही झाकलेलं नव्हतं. मुख्य दालनातल्या चित्रांवर लाकडी झडपा होत्या, ओसऱ्यांतली बरीच उघडी होती, एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशांनी ती पाहून लिहिलंय. भूकंपांनी पडझड केली ती वेगळीच. आज जे लखलखतं ते १९४७ ते १९५८ अशी अकरा वर्षं अमेरिकन बायझंटाइन इन्स्टिट्यूटच्या लोकांनी खपून स्वच्छ आणि पक्कं केलं म्हणून. ते काम होऊ शकलं, कारण इमारत तेव्हा संग्रहालय होती.

शिवाय सुरुवात काही गिलाव्यानं झालेली नाही. १४५३ च्या ऑटोमन वेढ्यात शहराची रक्षणकर्ती मानलेली मरियमेची प्रतिमा तटाजवळ असावी म्हणून याच मठात आणून ठेवली होती. शहर पडल्यावर सैनिकांनी तिचे चार तुकडे करून वाटून घेतले, असं डुकास हा त्या काळचा इतिहासकार लिहितो. तेवढं आठवणीत ठेवून मग गिलाव्याचं कौतुक करा.

जुन्नरी

तिकिटाबद्दल थोडं. पायवाट, तुम्ही लेण्याद्रीला गेला आहात ना? बौद्ध भिक्षूंचं लेणं, खांब नसलेलं मोठं दालन, भोवती त्यांच्या निजायच्या खोल्या. त्यातच आपला गिरिजात्मज. अष्टविनायकातला. खाली पुरातत्त्व खात्याच्या खिडकीवर तिकीट काढायचं, मग पायऱ्या चढून देवापुढे हात जोडायचे. स्मारकही आणि देऊळही, पैसेही आणि पूजाही. आमच्या आजीला तिथे तिकिटाचा राग यायचा, पण हे मूळचं कुणाचं, असा प्रश्न तिला कधी पडला नाही. खरं सांगायचं तर मलाही पंचविशीपर्यंत पडला नव्हता.

तेव्हा इस्तंबूलमध्येच डगरी मोजायच्या आणि घरी डोळे मिटायचे, हे काही बरोबर वाटत नाही.

तिरकस

लेण्याद्रीला पडदा आहे का? गणपतीला चालत नाही म्हणून एखादा स्तूप झाकून ठेवलाय का? तिथला वाद वेगळा आहे, आणि तो या धाग्यात आणला की तीनशे प्रतिसाद होऊन कुलूप लागतं.

राइनकाठ

माझी एक तुर्की सहकारी आहे, पाच वेळा नमाज पढणारी. तिला मी हे विचारलं होतं. ती म्हणाली, त्या भागात नमाजाला जागा कमी होती असं कुणी म्हणालं तर हसेन. आणि खरंच, कारियेपासून हाकेच्या अंतरावर मिहरिमाह सुलतान मशीद आहे, ऑटोमनांचा नामवंत वास्तुकार सिनान, खुद्द त्यानं बांधलेली, खिडक्याच खिडक्या, आत प्रकाशाचा पूर. तिथे ना पडदा लागतो ना तिकीट. तिचं म्हणणं, हा निर्णय नमाजासाठी नव्हता, मतांसाठी होता. माझंही तेच मत आहे. श्रद्धेची बाजू घ्यायची म्हणून या हुकमाची बाजू घ्यायला हवी असं नाही.

खडीसाखर

राइनकाठ, १९४५ चा आणि त्याआधीचा १९३४ चा हागिया सोफियाचा निर्णयही अंकारातल्या मंत्रिमंडळाचाच होता. शेजारच्या गल्लीतल्या नमाजींना तेव्हा कुणी विचारलं होतं? तेव्हाचं राजकारण आपल्याला पटतं म्हणून ते राजकारण नाही, असं होत नाही. आणि संग्रहालय केलं तेव्हा ते ग्रीक लोकांनाही परत दिलं नव्हतंच. १९५५ च्या सप्टेंबरात इस्तंबूलमधल्या ग्रीकांची दुकानं-चर्चं फुटली, तेव्हा कारिये कागदोपत्री धर्मनिरपेक्ष संग्रहालयच होतं.

स्पेनमधली कोर्दोबाची मशीद १२३६ पासून कॅथेड्रल आहे. तिथे तिकीट आहे, रोज मिस्सा (ख्रिस्ती उपासना) होते, आणि मुसलमानानं नमाज पढायला गुडघे टेकले तर पहारेकरी उठवतो. त्यावर धागा कधी काढताय?

पायवाट

एकेक करून उत्तर देतो.

कोर्दोबा: मी गेलेलो नाही. पण तिथेही नमाज पढू द्यावा असंच माझं मत आहे, लिहून ठेवा.

जुन्नरी, लेण्याद्री वर्मी लागलं. शाळेच्या सहलीत दोनदा गेलो, दोन्ही वेळा त्या खोल्यांत लपाछपी खेळलो. तिकिटाचा मुद्दा मागे घेतो. २० युरो म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये गेले याची कळ त्यात मिसळली होती, हेही कबूल.

पडद्याचा मुद्दा मात्र सोडत नाही. खडीसाखर, वर्षं मोजून मालकी ठरवायची असेल तर ठरवा, पण मी मालकी मागतच नव्हतो. नमाजाच्या वेळी पडदा ओढा, माझी ना नाही. हागिया सोफियात पायघड्या पसरल्या आणि आम्हाला वरच्या सज्जात पाठवलं, तरी बरंच दिसतं. इथे मी नमाज संपेपर्यंत थांबलो. वीस-पंचवीस माणसं बूट घालून निघून गेली. पडदे होते तसेच. ज्याच्यासाठी ओढले तो नमाज झाला होता, मग आता ते कुणासाठी होते?

आणि मेटोखाइटिसचं एक राहिलं. १३२८ मध्ये त्याच्या सम्राटाची गादी गेली, तसं याचंही पद गेलं. वाडा लुटला, हद्दपारी झाली. शेवटी याच मठात भिक्षू म्हणून परत आला आणि १३३२ मध्ये इथेच वारला. म्हणजे त्या भल्यामोठ्या फेट्याखालून तो स्वतःच शेवटी साध्या भिक्षूच्या वेशात ये-जा करत होता.

सुतळी

कुलूप लागायच्या आत एकच विचारते. ऑक्टोबरात जातोय, सोबत सासूबाई आहेत, गुडघे दुखतात. वाद राहू द्या, २० युरो वसूल होतात का?

पायवाट

होतात. शुक्रवार टाळा, त्या दिवशी पर्यटकांना सोडत नाहीत. सकाळी जा, ओढणी बरोबर असू द्या. लेण्याद्रीसारखा चढ नाही. आणि उजवीकडच्या दफनदालनात शेवटपर्यंत जा, तिथे पडदा नाही. टोकाला अर्धघुमटात पांढऱ्या वस्त्रांतला ख्रिस्त आदम आणि हव्वाला थडग्यांतून ओढून काढतोय. हात हातात नाहीत, मनगटं धरलीत, विहिरीतून कुणाला वर खेचावं तशी. त्याच्या पायांखाली पाताळाचा धनी मुसक्या बांधून पडलाय आणि भोवती कड्या, खिळे, किल्ल्या विखुरल्यात. कुलपंसुद्धा. सगळी तुटलेली.