मदत हवी आहे: एकाच खोलीत दोन काळ दाखवायचेत, रंग जमत नाहीयेत

लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, बारा मिनिटांची शॉर्टफिल्म. अर्धी गोष्ट 1982 च्या गिरणी संपातली, अर्धी आजची. तेव्हाची सून ती आता आजी. कॅमेरा मित्राचा, लाइटला पैसे शून्य.

एडिटिंगला बसले तेव्हा जुना काळ पिवळा केला, आजचा निळसर. आमच्या नाटकाच्या सरांनी बघितलं आणि म्हणाले, "ही काय बामची जाहिरात आहे?" राग आला, पण खोटं नव्हतं. संपातलं घर ते. डब्यात पीठ नाही आणि उजेड मात्र दिवाळीचा!

पण मग रंगाने काही सांगायचंच नाही का? 2015 साली मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, तेव्हा केवढी ओरड झाली. रस्ता तोच, समुद्र तोच, तरी परकं वाटलं. मला ते हवंय.

दुसरी भानगड: आजीच्या क्लोजअपमध्ये डावा गाल हिरवट दिसतोय. ट्यूबलाइटमुळे असेल म्हणून रंग सुधारायला गेले, तर समईची ज्योत गुलाबी झाली. काही शॉटमध्ये आडवे पट्टेही सरकतात. शटर 1/60 होतं, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा साठावा भाग उजेड. खोली परत फक्त रविवारी मिळणार, तीही पाणी येऊन गेल्यावर, म्हणजे आठनंतर.

प्रतिसाद: पट्टे सोपे आहेत. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. शटर 1/50 ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन लुकलुकी येतील. आणि भिंतीचा रंग कोणता?

मी: पोपटी. ऑइलपेंट.

प्रतिसाद: मग ट्यूबला उगाच शिव्या देताय. आजीच्या गालाशी कोरा कागद धरा, भिंतीकडची बाजू हिरवी दिसली की समजा, हिरवा उजेड भिंतीवरूनच येतोय. फ्रेमबाहेरच्या भिंतीवर पांढरी चादर टाका. सत्यजित राय यांचे कॅमेरामन सुब्रत मित्रांनी 'अपराजितो' सिनेमासाठी (1956) स्टुडिओत बनारसच्या घराचं अंगण उभं केलं तेव्हा वर पांढरं कापड ताणून त्यावर दिवे मारले होते, आभाळाचा मऊ उजेड मिळावा म्हणून. तुमचं काम चादर आणि दोन थर्माकोलमध्ये होईल.

काळ बदलायला एडिटिंगमध्ये रंगाला हात लावू नका. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने कोणता उजेड पांढरा धरायचा ते) दोन्हीकडे 5600, म्हणजे दिवसाच्या उजेडाचा ठेवा. जुन्या काळात ट्यूब बंद, दार सताड उघडं, उजेड गॅलरीतून. देव्हाऱ्यात साधा पिवळा बल्ब लावा, तो आपोआप नारिंगी येईल. तेवढं पिवळं पुरे. आणि मित्रांना गॅलरीत येरझाऱ्या घालायला लावा. माणूस गेला की सुनेच्या चेहऱ्यावरून सावली जाईल. आज दार बंद, ट्यूब चालू, चेहऱ्यावर काही हलत नाही.

मी: अहो, हे डोक्यातच आलं नव्हतं! तशीही आता निम्म्या खोल्यांना कुलूपं आहेत. पण गॅलरी पश्चिमेला आहे, चालेल ना?

प्रतिसाद: चालेल, फक्त जुना काळ सकाळीच उरका. दुपारनंतर ऊन थेट आत घुसेल. तेव्हा दार लावून घ्या आणि आजीला बसवा.