ऑस्ट्रिया-स्पेनचं हॅब्सबर्ग राजघराणं लग्नांनी वाढलं आणि लग्नांनीच बुडालं, हे कितपत खरं?

अजिंक्यतारा (सातारा):
वाचनालयात अर्ध्या तासाचं व्याख्यान द्यायचंय, फळा एकच आहे. ‘लग्नांनी मिळवलं, नात्यातल्या लग्नांनी घालवलं’ हा धागा धरला तर चालेल का? शिवाय दत्तक नामंजूर करून साताऱ्याची गादी खालसा केली ते साल १८४८, आणि त्याच सालच्या डिसेंबरात तिकडे ऑस्ट्रियात हॅब्सबर्ग सम्राट फ्रान्झ योसेफ गादीवर आला. ही तुलना घ्यावी का?

कृष्णाकाठ:
धागा अर्धाच खरा आहे. लग्नाने सनद मिळते, कब्जा मिळत नाही. १४९६ मध्ये हॅब्सबर्ग राजपुत्र फिलिपचं स्पेनच्या राजकन्येशी, हुआनाशी, लग्न झालं तेव्हा स्पेनच्या वारसांत ती तिसरी होती. १४९७ ला भाऊ गेला, १४९८ ला थोरली बहीण, १५०० ला त्या बहिणीचा तान्हा मुलगा. म्हणून तिच्या मुलाला, पाचव्या कार्लला, १५१६ मध्ये स्पेन मिळालं.

हंगेरीचं उदाहरण तर नक्की घ्या. १५१५ मध्ये व्हिएन्नात दुहेरी सोयरीक ठरली, साटंलोटंच म्हणा: हॅब्सबर्ग सम्राटाची नात हंगेरीच्या राजपुत्राला, हंगेरीची राजकन्या हॅब्सबर्गांकडे. हॅब्सबर्गांकडे आधी वारस संपले असते तर फासा उलटाही पडला असता! १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईतून पळताना वीस वर्षांचा राजा लायोश बुडून मेला, त्याला मूल नव्हतं. त्याचा हॅब्सबर्ग मेव्हणा फर्डिनांड हक्क सांगत आला. पण हंगेरीतल्या सरदारांच्या एका गटाने आपल्यातल्याच झापोल्याला राजा केलं आणि १५४१ मध्ये बुडा तुर्कांनी घेतलं. सनद होती, कब्जा मिळवायला पुढे दीडशे वर्षं गेली.

मिरज-जंक्शन:
नात्यातल्या लग्नांचा मुद्दा फक्त स्पेनच्या शाखेला, म्हणजे पाचव्या कार्लच्या तिथल्या वंशजांना लावा. स्पेनचा राजा चौथा फिलिप याने १६४९ मध्ये सख्ख्या बहिणीची मुलगी मारियाना केली. आपल्या सीमाभागात मामा-भाचीचं लग्न माहीत आहे, त्यामुळे श्रोत्यांना नातं लगेच कळेल. पण ‘मामा-भाचीमुळे वंश बुडाला’ एवढंच म्हणून थांबू नका. तसं एकच लग्न असेल तर अपत्याचा अंतःप्रजनन गुणांक (आईबापांच्या रक्ताच्या नात्यामुळे जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता) ०.१२५ येतो. त्यांच्या मुलाचा, दुसऱ्या कार्लोसचा, सुमारे ०.२५ काढलेला आहे, म्हणजे सख्ख्या भावंडांच्या अपत्याएवढा. हे पिढ्यानपिढ्या साचलेलं होतं.

फळ्यावर तिसरा फिलिप आणि मार्गारेट यांची नावं दोनदा लिहा: बापाकडून कार्लोसचे आजी-आजोबा, आईकडून पणजी-पणजोबा. दोन्ही जागा रंगीत खडूने जोडा. फिलिप आणि मारियानाच्या पाच मुलांपैकी मोठी झाली दोनच. कार्लोस १७०० मध्ये निपुत्रिक गेला आणि मृत्युपत्राने स्पेन फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या नातवाकडे गेलं.

कृष्णाकाठ:
१८४८ ची तुलना टाळा. साताऱ्याचं दत्तक परक्या सत्तेने नाकारलं. फ्रान्झ योसेफ आला तो क्रांतीच्या धामधुमीत काका पायउतार झाला म्हणून. त्यापेक्षा १७४० आणि १७४९ शेजारी ठेवा. ऑस्ट्रियाच्या शाखेतल्या सम्राट सहाव्या कार्लला मुलगा उरला नव्हता आणि दत्तकाची वाट तिथे नव्हती. त्याने १७१३ लाच मुलीच्या हक्काचा जाहीरनामा काढला होता, पुढे दरबारोदरबारी मान्यता मिळवत फिरला. ऑक्टोबर १७४० मध्ये तो वारला आणि डिसेंबरातच प्रशियाचा राजा फ्रेडरिक हॅब्सबर्गांच्या सायलेशिया प्रांतात घुसला. कार्लच्या मुलीने, मारिया थेरेसाने, बाकीचं बरंचसं राखलं, सायलेशिया मात्र जवळजवळ सगळा गेला. इकडे शाहू महाराजांनी रामराजांना वारस ठरवलं, आणि महाराज गेल्यावर वर्षभरात ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावरच कैदेत टाकलं. कागद दोन्हीकडे चोख होता.

अजिंक्यतारा:
मग ऑस्ट्रियाच्या शाखेचा शेवट कशाने सांगू?

मिरज-जंक्शन:
१८६६ ला सादोवाच्या लढाईत प्रशियाकडून हार, १८६७ ला हंगेरीला बरोबरीचा दर्जा, मग चेक, पोल, क्रोएट यांची ‘आम्हाला का नाही?’ ही रास्त तक्रार, आणि त्यावर पहिलं महायुद्ध. वारसांची वाण इथे नव्हती. शेवटचा सम्राट कार्ल ११ नोव्हेंबर १९१८ ला राज्यकारभारातून बाजूला झाला, राजत्याग हा शब्द मात्र त्याने कागदावर येऊ दिला नाही. एप्रिल १९२२ मध्ये मदेइरा बेटावर तो वारला तेव्हा सात मुलं होती, आठवं दोन महिन्यांनी जन्मलं.