सीमध्ये डिरेक्टरीचं झाड फिरताना स्वतःचं रिकर्शन लिहू नये, असं माझं मत

कोरा_टर्मिनल (धागाकर्ता)

डिरेक्टरीत डिरेक्टरी, तिच्यात आणखी डिरेक्टरी, असं अख्खं झाड सीमधून फिरायचं म्हटलं की एकच साचा शिकवला जातो. ओपनडिर करा (डिरेक्टरी उघडा), रीडडिरचा लूप लावा (आतलं एकेक नाव वाचा), 'डॉट' (ती डिरेक्टरी स्वतः) आणि 'डॉट-डॉट' (तिच्या वरची) वगळा, स्टॅट करा (नाव फाइलचं की डिरेक्टरीचं ते बघा), डिरेक्टरी निघाली तर तेच फंक्शन पुन्हा कॉल करा (हेच रिकर्शन), शेवटी क्लोजडिर. प्रॅक्टिकलच्या वहीत हे ठीक आहे. पण बॅकअप घेणाऱ्या, जुन्या फाइली पुसणाऱ्या प्रोग्रॅममध्येही हाच साचा जसाच्या तसा उतरलेला दिसतो आणि ते थांबायला हवं.

साधा हिशोब करा. आतला कॉल चालू असताना वरच्या सगळ्या डिरेक्टऱ्या उघड्याच असतात. लिनक्सवर एका प्रोसेसला सहसा १०२४ फाइल डिस्क्रिप्टर (प्रत्येक उघड्या फाइल किंवा डिरेक्टरीमागे एक क्रमांक) मिळतात, त्यातले ३ सुरुवातीलाच गेलेले. म्हणजे १०२१ पातळ्यांनंतर ओपनडिर नल (म्हणजे उघडता आली नाही) देणार. आणि साच्यात तिथे काय असतं? 'नल असेल तर रिटर्न'. प्रोग्रॅम पडत नाही, एरर देत नाही, खालचं सगळं गाळून फाइलींच्या आकारांची चुकीची बेरीज छापतो. डिस्क्रिप्टरची मर्यादा वाढवली तर पुढे स्टॅक (चालू कॉलांची माहिती ठेवणारी मर्यादित मेमरी) आहेच. प्रत्येक कॉलमध्ये ४०९६ बाइटचा पाथ बफर आणि मुख्य थ्रेडला नेहमीचा ८ एमबी स्टॅक, म्हणजे नुसत्या बफरांनीच २०४८ कॉलमध्ये तो भरला.

इतकं खोल कोण जातं, असं कुणी विचारेलच. २०२२ च्या जानेवारीत लिनक्सवर तात्पुरत्या फाइली सांभाळणाऱ्या सिस्टमडी-टेम्पफाइल्स या प्रोग्रॅममधला सुरक्षा दोष जाहीर झाला, नोंद क्रमांक सीव्हीई-२०२१-३९९७. टेम्प डिरेक्टरीत कुठलाही साधा यूजर हव्या तितक्या खोल डिरेक्टऱ्या करून ठेवू शकतो. बूट होताना हा प्रोग्रॅम त्या पुसायला जायचा आणि रिकर्शनमध्ये स्टॅक संपून कोसळायचा. दुरुस्ती काय झाली? रिकर्शन काढून लूप घातला.

पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टमांच्या मानकात) अख्खं झाड फिरणारं एनएफटीडब्ल्यू हे फंक्शन आहे, ४.४बीएसडी या युनिक्सपासून त्याच कामाचा एफटीएस हा फंक्शनांचा संच आहे. ते वापरा.

पॉइंटर_पंत

असहमत. तुम्ही जे दोष दाखवलेत ते रिकर्शनचे नाहीत, आळशी एरर हँडलिंगचे आहेत. 'नल असेल तर रिटर्न' लिहिणारा माणूस लूपमध्येही तेच लिहिणार. पाथचा बफर दर कॉलला नवा घ्यायची गरजच नाही. एकच बफर बाहेर ठेवा, आत जाताना शेपूट जोडा, परत येताना कापा. मग प्रत्येक पातळीला स्टॅकवर जेमतेम शे-दोनशे बाइट लागतात. डिस्क्रिप्टरचं म्हणाल, तर आधी सगळी नावं वाचून घ्या, क्लोजडिर करा आणि मगच आत उतरा.

आता एनएफटीडब्ल्यूबद्दल. त्याच्या कॉलबॅकला (प्रत्येक फाइलसाठी तो आपलं जे फंक्शन कॉल करतो त्याला) आपला स्वतःचा पॉइंटर देताच येत नाही. साधी बेरीज करायची तरी ग्लोबल व्हेरिएबल. दोन थ्रेडमधून दोन झाडं फिरायची असतील तर काय करणार? त्यात एफटीडब्ल्यू_सीएचडिर हा फ्लॅग लावला तर सगळ्या प्रोसेसची चालू डिरेक्टरी बदलते, म्हणजे बाकीच्या थ्रेडच्या पायाखालची जमीनच सरकते. आणि ज्याच्यावर विश्वास ठेवा म्हणता तो ग्लिबीसीचा (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचा) एनएफटीडब्ल्यू आतून कितीतरी वर्षं रिकर्सिव्हच होता!

एफटीएस चांगला आहे, पण पॉझिक्समध्ये नाही. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीत तो येतच नाही, ती वापरणाऱ्या अल्पाइन लिनक्सवर वेगळी लायब्ररी आणावी लागते. ग्लिबीसीतही २.२३ पर्यंत त्याचा मोठ्या फाइलींच्या ६४-बिट ऑफसेटशी मेळ नव्हता. ३२-बिट बोर्डासाठी कोड लिहिणाऱ्यांना विचारा.

कोरा_टर्मिनल

@पॉइंटर_पंत, एनएफटीडब्ल्यूच्या कॉलबॅकबद्दल पूर्ण सहमत, ते डिझाइन वाईटच आहे. पण आतून रिकर्सिव्ह असला तरी डिस्क्रिप्टर किती वापरायचे हे त्याला पॅरामीटरमधून सांगता येतं. तेवढे संपले की ग्लिबीसी सर्वांत जुन्या डिरेक्टरीतली उरलेली नावं मेमरीत वाचून घेतं आणि ती बंद करतं. तुम्ही हाताने करायला सांगताय तेच काम, पण गरज पडेल तेव्हाच. दहा लाख फाइली असलेल्या डिरेक्टरीत तुमच्या पद्धतीने दहा लाख नावं मेमरीत धरावी लागतील, गरज असो वा नसो.

सिमलिंक_शोधक

दोघेही खोलीवर भांडताय आणि खरा धोका बाजूलाच राहिलाय. साच्यातल्या 'स्टॅट करा' या दोन शब्दांत तो आहे. स्टॅट सिमलिंकच्या (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीच्या) पलीकडे जातो. आतल्या एखाद्या सिमलिंकने वरच्या डिरेक्टरीकडे बोट दाखवलं की तुम्ही गोल फिरत बसणार, कर्नल 'फार सिमलिंक झाल्या' म्हणेपर्यंत किंवा पाथ संपेपर्यंत. म्हणून सिमलिंकपाशीच थांबणारा एलस्टॅट हवा, एनएफटीडब्ल्यूमध्ये त्याच कामाचा एफटीडब्ल्यू_फिज हा फ्लॅग हवा.

आणि तेवढ्यानेही भागत नाही. एलस्टॅटने पाहिलं, डिरेक्टरी आहे. पुढच्या ओळीत त्याच नावाने ओपनडिर केलं. या दोन ओळींच्या मध्ये कुणी ती डिरेक्टरी हलवून तिथे सिमलिंक ठेवली, तर तुमचा रूटने चालणारा क्लीनअप प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणच्या फाइली पुसत सुटेल. रस्ट या भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत नेमकी हीच फट होती, सीव्हीई-२०२२-२१६५८, दुरुस्ती १.५८.१ आवृत्तीत. तीही २०२२ च्या जानेवारीतच. मेमरीच्या बाबतीत इतकी काटेकोर भाषा, पण फाइल सिस्टमवरच्या शर्यतीपुढे (तपासणी आणि वापर यांच्या मध्ये घुसणाऱ्या अशा बदलापुढे) तिचा टाइप चेकर काय करणार?

उपाय २००८ च्या पॉझिक्सपासून आहे. ओपनॅटने वरच्या डिस्क्रिप्टरच्या आधाराने आतली डिरेक्टरी उघडायची, ओ_नोफॉलो आणि ओ_डिरेक्टरी लावून (सिमलिंक असेल किंवा डिरेक्टरी नसेल तर उघडायला नकार). मग वाचायला एफडीओपनडिर, माहितीला एफस्टॅटॅट, पुसायला अनलिंकॅट. पूर्ण पाथ पुन्हा कुठेच वापरायचा नाही. हे स्वतः लिहायला लागतं, म्हणून मी पंतांच्या बाजूने.

रात्रपाळी_बिल्ड

देवनागरी नावांचं कुणीच काही बोललं नाही म्हणून लिहितो. लिनक्सवरच्या नेहमीच्या फाइल सिस्टमांत एका नावाची मर्यादा २५५ बाइट असते, अक्षरं नव्हे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार वेगवेगळे मोजून ८५ चिन्हं. 'वैशालीच्या लग्नाचे फोटो' हे एवढंसं नाव काढून बघा, २३ चिन्हं, त्यातल्या २ मोकळ्या जागा १ बाइटच्या, एकूण ६५ बाइट. अशा चार-पाच पातळ्या झाल्या की २५६ चा पाथ बफर ठेवणाऱ्या कोडमध्ये पाथ जोडायला वापरलेला एसएनप्रिंटएफ तो मधेच कापतो, अक्षराच्या मध्येसुद्धा. त्याची रिटर्न व्हॅल्यू कुणी तपासत नाही आणि मग 'फाइल सापडली नाही'. फाइल तिथेच आहे! इंग्रजी नावांवर टेस्ट केलेला कोड मराठी घरातल्या हार्ड डिस्कवर असा पडतो. @सिमलिंक_शोधक, तुमच्या ओपनॅटने हाही प्रश्न सुटतो, कारण पाथ जोडायचाच नसतो.

पॉइंटर_पंत

+१. आणि डी_टाइपवर (रीडडिर नावासोबत देतो त्या प्रकारावर) विसंबणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं, काही फाइल सिस्टम तिथे डीटी_अननोन (माहीत नाही) देतात. तेव्हा एलस्टॅटला पर्याय नाही.

कोरा_टर्मिनल

@सिमलिंक_शोधक, ओपनॅट हवाच, यात वाद नाही. पण त्यातून माझाच मुद्दा पक्का होतो. जुन्या साच्यात ४०९६ बाइटची पाथ मर्यादा नकळत आपली राखण करत होती. एका अक्षराची नावं घेतली तरी २०४७ पातळ्यांच्या पुढे पाथ जाऊच शकत नाही. ओपनॅट वापरलात की ती मर्यादा गेली, खोलीला तळच उरला नाही. आता रिकर्शन ठेवलंत तर स्टॅक किती भरायचा हे समोरचा हल्लेखोर ठरवणार. पंतांचे शे-दोनशे बाइटही तिथे पुरणार नाहीत. आणि शर्यत टाळायची तर वरचे डिस्क्रिप्टर बंद करता येत नाहीत, म्हणजे १०२४ ची अडचण परत आली.

एफटीएस यावर काय करतो ते पाहा. आत उतरताना वरची डिरेक्टरी सोडतो, परत येताना 'डॉट-डॉट'ने वर जातो आणि डिव्हाइस नंबर व आयनोड नंबर (दोन्ही मिळून डिरेक्टरीची ओळख) आधी नोंदवलेलेच आहेत ना हे पडताळतो. मधल्या वेळेत कुणी डिरेक्टरी हलवली असेल तर तिथेच थांबतो. वरच्या नोंदी हीपवर (स्टॅकबाहेरच्या मेमरीत) लिंक्ड लिस्टमध्ये, स्टॅकवर काही नाही. जीएनयूच्या आरएम, डीयू, सीएचमॉड या कमांड याच एफटीएसच्या जीनूलिब (जीएनयूचा सामाईक कोडसंग्रह) आवृत्तीवर चालतात. हे सगळं प्रत्येकाने पुन्हा हाताने लिहावं आणि बरोबरही लिहावं, ही अपेक्षा मला पटत नाही.

पॉइंटर_पंत

मग जीनूलिबची ती फाइल प्रोजेक्टमध्ये आणा, मसलचाही प्रश्न मिटेल. पण तिचा लायसन्स जीपीएल (प्रोग्रॅम वाटताना सोर्सही त्याच अटींवर द्यायला लावणारा) आहे, तुमच्या कोडला चालतो का ते आधी बघा. मी माझ्या कोडमध्ये ओपनॅट, रिकर्शन आणि खोलीची ठरवून दिलेली मर्यादा, एवढंच ठेवणार. मर्यादा ओलांडली की स्पष्ट एरर आणि शून्य नसलेला एक्झिट कोड. २५६ पातळ्यांच्या खाली कुणाचा खरा डेटा असेल तर त्याने ती वाढवून घ्यावी.