शब्दचर्चा : ‘ओल्ड-स्कूल’ फुटबॉलला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न · पिट्सबर्ग

नमस्कार मंडळी. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. विषय आहे इथल्या जुन्या माणसांचा जुन्या फुटबॉलवरचा जीव. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, लंबगोल चेंडूचा. शेजारच्या आजोबांची सगळी उमेद पोलादाच्या कारखान्यात गेली. सत्तरच्या दशकातल्या स्टीलर्सचा, म्हणजे इथल्या पिट्सबर्गच्या संघाचा, विषय निघाला की ते थांबत नाहीत, आणि बोलण्यात ‘ओल्ड-स्कूल’, ‘स्मॅशमाउथ’, ‘थ्रोबॅक’ हे शब्द सारखे येतात. नुसते देवनागरीत लिहिले तर मुलांकडे राहायला आलेल्या आमच्या ज्येष्ठ वाचकांना काहीच बोध होणार नाही. शिवाय या सगळ्या भावनेला ‘स्मरणरंजन’ म्हणावं का, याबद्दल माझं मन घेत नाही. खेळ जाणणाऱ्यांनी आणि भाषा जाणणाऱ्यांनी, दोघांनीही सांगावं.

प्रतिसाद · पुणे

‘ओल्ड-स्कूल’साठी मराठीत शब्दांचा तोटा नाही, पण प्रत्येकाचा रोख वेगळा. ‘जुनाट’ आधीच बाद, त्यात हिणवणं आहे. ‘जुन्या वळणाचा’ हे माणसाच्या वागण्याबद्दल बोलतो आपण. ‘जुन्या पठडीतला’ म्हटलं की शिकवण आणि पद्धत दोन्ही येतात, म्हणून खेळाच्या शैलीसाठी मी ‘जुन्या पठडीतला खेळ’ लिहीन. ‘स्कूल’ आहे म्हणून कोणी ‘घराणं’ सुचवील. पण घराणी एकाच काळात शेजारी शेजारी नांदतात. इथे एक काळ सरला आणि दुसरा आला, हे शब्दात दिसायला हवं.

प्रतिसाद · शिकागो

‘स्मॅशमाउथ’ म्हणजे शब्दशः ‘थोबाडफोड’. खेळाच्या भाषेत मात्र त्याला नेमका अर्थ आहे. चेंडू लांब फेकायच्या फंदात न पडता तो छातीशी धरायचा, समोरच्या रांगेला रेटत न्यायचं आणि दरवेळी तीन-चार यार्ड कमवायचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड झाले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, त्यामुळे तीन-चार यार्डांची ही कमाई पुरते. प्रतिपक्ष हळूहळू थकतो आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत मोडतो.

याचं भाषांतर ‘धसमुसळा’ असं केलेलं वाचलं आहे आणि ते मला साफ चुकीचं वाटतं. धसमुसळेपणात अंदाज नसतो, कसब नसतं. व्हिन्स लोम्बार्डी १९५९ ते १९६७ ग्रीन बे पॅकर्सचे प्रशिक्षक होते. त्या काळात संघाने पाच अजिंक्यपदं मिळवली. त्यांची मुख्य चाल एकच, ‘पॅकर स्वीप’. जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन हे दोन गार्ड आपली जागा सोडून बाजूला धावत सुटायचे आणि मागून येणाऱ्या पॉल हॉर्नंग किंवा जिम टेलरसाठी वाट मोकळी करायचे. ही चाल येणार हे समोरच्यांनाही माहीत असे. तरी ती चालायची, कारण प्रत्येकाचं पाऊल सरावाने पक्कं झालेलं होतं. मी ‘रांगडा’ सुचवतो. रांगडेपणात दांडगाई आहे आणि कसबही नाकारलेलं नाही.

क्लीव्हलंडचा जिम ब्राउन घ्या. नऊ मोसम, एकही सामना चुकवला नाही, धावून कमावलेले १२,३१२ यार्ड. त्याला धसमुसळा म्हणायला माझी लेखणी धजणार नाही.

आजोबांच्या तोंडी असेल तिथे मात्र खुशाल ‘थोबाडफोड’ ठेवा. त्यांचा ठसका त्यात उतरतो.

प्रतिसाद · न्यू जर्सी (मूळचा कोल्हापूरचा)

रांगड्याला अनुमोदन. आता हा धागा निघालाच आहे तर ‘सॅक’ या शब्दाबद्दल बोलायचंय, कारण जुन्या चाहत्यांच्या बोलण्यात तो येणारच. क्वार्टरबॅकने, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूने, चेंडू फेकायच्या आत त्याला रांगेमागेच पाडणं म्हणजे सॅक. शब्द रूढ करण्याचं श्रेय लॉस एंजेलिस रॅम्सच्या डीकन जोन्सला देतात. तो स्वतः दोन्ही अर्थ सांगायचा : शहर लुटून बेचिराख करणं, आणि गोणपाटाच्या पोत्यात घालून बडवणं. गंमत बघा, ज्याने शब्द दिला त्याच्या खात्यावर अधिकृत आकडा एकही नाही, कारण एनएफएल या व्यावसायिक लीगने सॅकची अधिकृत नोंद १९८२ पासून ठेवली आणि जोन्स १९७४ सालीच निवृत्त झाला होता. पुढे अभ्यासकांनी जुने सामने चाळून त्याचे १७३.५ मोजले. अर्धा कुठून आला, असं वाचक विचारील. दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकाला अर्धा.

मराठीत ‘पकड’ म्हणता येईल, कबड्डीमुळे तो सगळ्यांना कळतो. पण पकड नुसती धरण्याची. सॅकमध्ये माणूस पाठीवर आडवा होऊन वर आभाळाकडे बघत असतो. त्याला तालमीत एकच शब्द आहे : अस्मान दाखवणं. ‘डीकन जोन्सने क्वार्टरबॅकला अस्मान दाखवलं’ असं लिहिलंत तर माझ्या गावाकडच्या चुलत्यांनाही समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरा शब्द ‘क्लोथलाइन’. डिक लेन, टोपणनाव ‘नाइट ट्रेन’, हा पळत्या माणसाच्या गळ्याला आडवा हात घालून पाडायचा. आडव्या दोरीला गळा अडकावा तसा, म्हणून क्लोथलाइन. आपल्याकडे कपडे वाळत घालायच्या दोरीला ‘वलणी’ म्हणतात. ‘गळ्याला वलणी घालणे’ असा प्रयोग करून पाहा. हाच लेन १९५२ साली, आपल्या पहिल्याच मोसमात, बारा सामन्यांत प्रतिपक्षाचे १४ पास हवेत झेलून गेला. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही, आणि आता मोसम सतरा सामन्यांचा आहे.

क्लोथलाइन नियमाने बंद झाली. जोन्सची दुसरी खासियत, हेल्मेटवर तळहाताचा फटका, तीही १९७७ साली बंद झाली. शब्द मात्र जुन्या माणसांच्या तोंडी जिवंत आहेत. मला वाटतं त्यांच्या प्रेमाचा मोठा भाग इथेच आहे. आता मैदानावर बघायला मिळणार नाहीत अशा गोष्टींची नावं त्यांना पाठ आहेत आणि ती उच्चारताना त्यांना तो माणूस दिसतो.

प्रतिसाद · नाशिक

खेळ फारसा माहीत नाही. हे जुनं नेमकं कधी संपलं? काही साल सांगता येईल का?

प्रतिसाद · शिकागो

बहुतेक जण १९७८ सांगतील. १९७७ च्या मोसमात एका संघाची सामन्यातली सरासरी १७.२ गुणांवर आली होती, १९४२ नंतरची सर्वांत कमी. म्हणून लीगने नियम बदलले. बचाव करणाऱ्याला पाच यार्डांपलीकडे चेंडू झेलणाऱ्याला हात लावायला मनाई झाली. त्याआधी स्टीलर्सचा मेल ब्लाउंट समोरच्याला मैदानभर ढकलत न्यायचा, त्यामुळे या नियमाला त्याचंच नाव पडलं. शिवाय क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्यांना हात लांब करून, पंजे उघडे ठेवून अडवायची मुभा मिळाली. चेंडू फेकणं सोपं झालं आणि खेळाचा चेहरा बदलला.

पिट्सबर्गच्या ताईंनी लेखात हे जरूर घ्यावं : सुपर बोल म्हणजे लीगचा अंतिम सामना, आणि स्टीलर्सच्या सत्तरच्या दशकातल्या चार सुपर बोल विजयांपैकी दोन या बदलानंतरचे आहेत. टेरी ब्रॅडशॉने चेंडू लांब लांब फेकून ते मिळवले आणि दोन्ही वेळा सामनावीर ठरला. म्हणजे ज्या संघाला लोक जुन्या पठडीचा शेवटचा बुरूज मानतात, तोच नव्या पठडीत सर्वांत आधी रुळला. १९७६ चा बचाव, ज्याने शेवटच्या नऊ सामन्यांत मिळून फक्त २८ गुण दिले, तो खरा जुना. आजोबांना विचारा, माझी खात्री आहे की ते १९७६ च्या संघाला चारही विजेत्या संघांच्या वर ठेवतील, आणि त्या वर्षी तर अजिंक्यपद मिळालंच नव्हतं.

अवांतर : फिलाडेल्फिया ईगल्स आज क्वार्टरबॅकला मागून ढकलत एखादा यार्ड मिळवतात. मे २०२५ मध्ये त्यावर बंदीचा ठराव आला. २४ मतं हवी होती, २२ पडली. ठराव आणला होता ग्रीन बेने, म्हणजे लोम्बार्डींच्याच संघाने. जुन्या चाहत्यांत यावरून उभे दोन तट आहेत. काहींना ही चाल म्हणजे अस्सल जुना खेळ वाटतो, काहींना ढकलाढकली. ‘जुनं’ म्हणजे काय यावर त्यांचंही एकमत नाही, हे लेखात आलं तर बरं.

प्रतिसाद · पुणे

‘थ्रोबॅक’चे दोन अर्थ वेगळे करा. जर्सीबद्दल असेल तर तो शब्द तसाच ठेवून पहिल्यांदा ‘जुन्या रंगरूपाची’ असं विशेषण जोडा. लीगच्या पंचाहत्तरीला, १९९४ साली, संघ असे जुने पोशाख घालून उतरले होते. ईगल्सनी २०२३ मध्ये त्यांचा जुना पोपटी-हिरवा रंग काही सामन्यांपुरता परत आणला तेव्हाही हाच शब्द होता. खेळाडूबद्दल असेल तर ‘जुन्या मातीतला’.

प्रतिसाद · मिनियापोलिस

मी ‘स्मरणरंजन’ या शब्दाबद्दल लिहिते. शब्द चांगला आहे, रुळलेला आहे. पण त्यातल्या ‘रंजना’ची मला इथे अडचण वाटते. मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, त्यामुळे बाजू थोडी झुकलेली असेल.

माइक वेब्स्टर हा याच स्टीलर्सचा सेंटर, म्हणजे पुढच्या रांगेतला मधला खेळाडू. चारही विजयांत होता. पन्नाशीच्या सुरुवातीला, २००२ साली गेला. शेवटची वर्षं भ्रमात आणि हलाखीत काढली. पिट्सबर्गमध्येच डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला, आणि वारंवार बसलेल्या धक्क्यांनी मेंदूची होणारी झीज एखाद्या व्यावसायिक फुटबॉलपटूत पहिल्यांदा नोंदली गेली. त्यांचा निबंध २००५ मध्ये आला. १९६० साली चक बेडनारिकने फ्रँक गिफर्डला असं पाडलं की गिफर्ड पुढचा अख्खा मोसम खेळला नाही. बेडनारिक मूठ वळून उभा आहे आणि गिफर्ड खाली निपचित पडलाय, हे छायाचित्र जुन्या फुटबॉलची खूण म्हणून भिंतींवर लागतं. दोघेही २०१५ साली गेले. गिफर्डच्या मेंदूत तीच झीज सापडली, आणि ते त्याच्या कुटुंबाने स्वतः जाहीर केलं.

जुन्या चाहत्यांना हे माहीत नाही असं मुळीच नाही. मला भेटलेले बहुतेक जण हे जाणतात, आणि तरी त्या खेळावर प्रेम करतात. असं प्रेम दाखवायला ‘रंजन’ अपुरं पडतं. ‘हळहळ’ म्हणावं तर प्रेम हरवतं. ‘गतकातरता’ पुस्तकी आहे. ‘हुरहुर’ पुढच्या गोष्टीचीही असते. मला नेमका शब्द सापडलेला नाही, पण ‘स्मरणरंजन’ शीर्षकात घालू नका असं आग्रहाने सांगते.

प्रश्नकर्ती · पिट्सबर्ग

सगळ्यांचे मनापासून आभार. १९७६ बद्दल आजोबांना आजच विचारलं. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही, १९७६ च म्हणाले.

मिनियापोलिसच्या ताईंचा मुद्दा मला पटला, आणि त्यात इथली एक गोष्ट जोडते. या गावात ती भावना एकट्या खेळाची नाही. संघाचं नावच पोलादावरून, शिरस्त्राणावरची खूण पोलाद उद्योगाची. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून कारखाने बंद पडत गेले आणि माणसं कामासाठी देशभर पांगली. म्हणून आज स्टीलर्स कुठल्याही शहरात खेळले तरी प्रेक्षकांत पिवळे टॉवेल फडकताना दिसतात. निवेदक मायरन कोप यांनी १९७५ मध्ये ‘टेरिबल टॉवेल’ सुरू केला. पुढे त्याचे हक्क त्यांनी अपंगांसाठी काम करणाऱ्या एका शाळेला देऊन टाकले, विक्रीतला वाटा अजून तिथेच जातो. आजोबा खेळाबद्दल बोलता बोलता भट्टीबद्दल बोलायला लागतात आणि कुठून कुठे गेले हे त्यांच्या लक्षातही येत नाही. मी आता ‘सय’ वापरणार आहे. सय येते, ती माणूस ओढून आणत नाही, आणि ज्याची येते ते सुखाचंच असावं अशी तिची अट नाही.

शेवटचा एक अडला आहे : ‘इमॅक्युलेट रिसेप्शन’, म्हणजे स्टीलर्सचा १९७२ चा तो गाजलेला झेल. याचं काय करू?

प्रतिसाद · वसई

हा आमच्या वाट्याचा. मूळ शब्द ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’, म्हणजे पवित्र मरियेचा आदिपापाच्या डागाशिवाय झालेला गर्भसंभव. आमच्याकडे ‘निष्कलंक गर्भसंभव’ म्हणतात, सण ८ डिसेंबरला. पुष्कळ जण याचा येशूच्या जन्माशी घोटाळा करतात, तेवढं टाळा. पिट्सबर्गमध्ये कॅथलिक वस्ती मोठी, त्यामुळे हा श्लेष तिथे ऐकल्याबरोबर कळला. नाव एका प्रेक्षकाने सुचवलं आणि कोप यांनी त्याच रात्री प्रक्षेपणात वापरलं.

त्या झेलानंतर तीन वर्षांनी, २८ डिसेंबर १९७५ ला, डॅलसच्या रॉजर स्टॉबॅकने अखेरच्या क्षणी लांब पास फेकला आणि नंतर सांगितलं की डोळे मिटून ‘हेल मेरी’ म्हटलं. तो स्वतः कॅथलिक. त्या प्रार्थनेला मराठीत ‘नमो मरिये’ म्हणतात. अशा शेवटच्या आशेच्या पासला जगभर ‘हेल मेरी’ म्हणू लागले ते त्या दिवसापासून, जरी कॉलेजच्या खेळात शब्द आधीपासून होता.

तुमच्या शब्दाकडे येतो. ‘रिसेप्शन’ तसंच ठेवलंत तर आपल्या वाचकासमोर लग्नाचा हॉल उभा राहील. इथे त्याचा अर्थ झेल. २३ डिसेंबर १९७२, ओकलंड रेडर्सविरुद्ध, २२ सेकंद उरलेले, स्टीलर्स ६–७ ने मागे. ब्रॅडशॉचा पास दोघांच्या टकरीत उडाला आणि जमिनीला टेकायच्या बेतात असताना फ्रँको हॅरिसने उचलून थेट गोलरेषेपार नेला. घरच्या मैदानावरचे सामने तेव्हा त्याच शहरात टीव्हीवर दाखवत नसत, त्यामुळे पिट्सबर्गच्या बहुतेकांनी तो क्षण रेडिओवरच ऐकला. आजोबांनाही विचारा, ते त्या वेळी कुठे होते.

‘निष्कलंक झेल’ लिहा. क्रिकेटमुळे झेल सगळ्यांना कळतो, आणि श्लेष मराठीत आणखी पक्का बसतो, कारण वाद नेमका झेल शुद्ध होता का याचाच आहे. चेंडू आधी स्टीलर्सच्या फ्रेंची फुक्वाला लागला असेल तर तेव्हाच्या नियमाने हॅरिसचा झेल अवैध ठरत होता. रेडर्सच्या जॅक टेटमला लागला असेल तर वैध. चित्रफितीवरून ठाम सांगता येत नाही. तो नियमही १९७८ मध्येच रद्द झाला. लेखात ‘निष्कलंक’ला अवतरणचिन्हं घाला, ओकलंडच्या बाजूचा एखादा मराठी वाचकही असेल.