मदत हवी आहे: जुन्या मॅन्युअल फोकस लेन्सने दूरची दृश्ये स्पष्ट येत नाहीत

दिठी
जाणकारांनी कृपया लवकर मार्गदर्शन करावे, कारण येत्या रविवारी पहाटे गटाबरोबर छायाचित्रणाच्या भटकंतीला जायचे आहे आणि त्याआधी हा प्रश्न सुटायला हवा. माझ्याकडे हेलिओस ४४-२ ही ५८ मिमी, एफ/२ ची एम४२ आट्यांची (मागच्या ४२ मिमी व्यासाच्या आट्यांनी बसणारी) जुनी सोव्हिएत लेन्स आहे; एफ-आकडा जितका लहान तितके प्रकाशाचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठे. पानावरचे दव, सोबत्याचा चेहरा, बुंध्याची खरबरीत साल असे जवळचे विषय ती फार सुंदर टिपते, आणि पार्श्वभूमी जी गरगरल्यासारखी दिसते तिच्यासाठीच मी ही लेन्स घेतली. मात्र डोंगराची कड किंवा पाण्यापलीकडची झाडांची रांग टिपली की चित्र पुसट येते. रिंग इन्फिनिटीच्या (अनंत अंतराच्या) खुणेपर्यंत पूर्ण फिरवलेली असते, फोकस पीकिंगच्या (स्पष्ट कडा पडद्यावर रंगवून दाखवणाऱ्या सोयीच्या) लाल रेषा सगळ्या डोंगरभर दिसतात, आणि तरीही घरी येऊन चित्र मोठे करून पाहिले की एकही कड धड दिसत नाही. लेन्स बिघडली आहे का, की अशा लेन्स दूरच्या दृश्यांसाठी नसतातच? ऑटोफोकस घ्या, असे कृपया सुचवू नये.

तिपाई
कॅमेरा कोणता, अडॅप्टर (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारे कडे) कोणता आणि ही चित्रे कोणत्या अ‍ॅपर्चरला काढली आहेत, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. या तीन गोष्टी कळल्याशिवाय कोणीही दिलेले उत्तर अंदाजाच्या पलीकडे जाणार नाही.

निरभ्र
मला हे बुरशीचे किंवा धुरकटपणाचे लक्षण वाटते. जुन्या लेन्समधले वंगण वर्षानुवर्षे उडून आतल्या काचांवर पातळ थर धरते. अंधारात लेन्सच्या एका बाजूने टॉर्च धरून दुसऱ्या बाजूने तिरके पाहिल्यास तो थर किंवा बुरशीचे तंतू लगेच दिसतात. मी प्रत्येक जुनी लेन्स आधी याच पद्धतीने तपासतो आणि आपणही तेथूनच सुरुवात करावी.

सावकाश
माझा अनेक वर्षांचा अनुभव असा आहे की भटकंतीला ५८ मिमी न्यावीच कशाला? २८ मिमीची कोणतीही जुनी लेन्स घ्या, एफ/८ ला ठेवा आणि फोकस रिंग साधारण साडेतीन मीटरवर लावून विसरून जा. फुल फ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट मिळते. रिंगला हात न लावता चालत राहता येते आणि लक्ष पूर्णपणे प्रकाशावर राहते.

दिठी
निरभ्र, टॉर्चने पाहिले, काचा स्वच्छ आहेत. सावकाश, सूचना चांगली आहे, परंतु माझा प्रश्न या लेन्सविषयी आहे. तिपाई, लेन्स पूर्णपणे मॅन्युअल असल्यामुळे कॅमेऱ्याचा संबंध काय ते समजले नाही, तरी सांगतो: सोनी ई माउंटचा फुल फ्रेम मिररलेस आहे. अडॅप्टर धातूचा असून घट्ट बसतो. अ‍ॅपर्चर बहुतेक वेळा एफ/२ किंवा एफ/२.८, कारण मला धुक्यातली झाडे उघड्या अ‍ॅपर्चरलाच आवडतात.

जुनीकाच
संबंध आहे, आणि तोच बहुधा प्रश्नाचे मूळ आहे. एम४२ लेन्स तिच्या बैठकीपासून (कॅमेऱ्याला टेकणाऱ्या कडेपासून) ४५.४६ मिमी अंतरावर चित्र उमटेल अशी बनवलेली असते. सोनी ई माउंटमध्ये बैठक ते सेन्सर हे अंतर १८ मिमी आहे, म्हणून उरलेले २७.४६ मिमी भरून काढणे एवढेच अडॅप्टरचे काम असते. तो किंचित जाड निघाला, तर लेन्स सेन्सरपासून हवी त्यापेक्षा दूर राहते. जवळचा फोकस त्यामुळे बिघडत नाही, परंतु रिंग थांब्याला टेकली तरी फोकस इन्फिनिटीला पोहोचत नाही. निकॉनच्या डीएसएलआरवर हाच त्रास फार मोठ्या प्रमाणात होतो, कारण तेथे मुळातले अंतरच ४६.५ मिमी आहे आणि काच नसलेल्या अडॅप्टरने ५८ मिमीची लेन्स काही मीटरच्या पुढे जात नाही.

म्हणून दोन गोष्टी करून पाहाव्यात. दूरच्या मनोऱ्यासारख्या सरळ कडेवर कॅमेरा तिपाईवर लावून एफ/२ ला पडद्यावरचे चित्र पूर्ण मोठे करा आणि रिंग अगदी सावकाश इन्फिनिटीकडे न्या. कड स्पष्ट होऊन थांब्याआधी पुन्हा पुसट होत असेल, तर अडॅप्टर पुरेसा पातळ आहे. पण कड शेवटपर्यंत सुधारतच जात असेल आणि अजून थोडे फिरायला हवे असे वाटत असतानाच रिंग थांब्याला अडत असेल, तर निदान झाले. पीकिंगवर या चाचणीत विसंबू नये. ते फक्त प्रकाश-छायेतला तीव्र फरक रंगवते, आणि आकाशापुढची डोंगरकड थोडी पुसट असली तरी तेवढा फरक तिच्यात असतोच. दुसरे म्हणजे, रिंग थांब्याला टेकवून किती अंतरावरची वस्तू सर्वांत स्पष्ट दिसते ते मोजा. आणि अडॅप्टर एकच सलग आहे ना, हेही कळवा.

निरभ्र
काच स्वच्छ दिसली तरी अगदी पातळ थर सुटू शकतो, एवढे नोंदवतो.

जुनीकाच
निरभ्र, काचेवर थर असता तर सालीचे चित्रही फिकट आले असते. जवळ उत्तम आणि दूर वाईट, हा भेद थर करत नाही.

दिठी
चाचणी केली. कड शेवटपर्यंत सुधारत गेली आणि रिंग अडली. रिंग टेकवल्यावर सर्वांत स्पष्ट दिसतो तो सुमारे २० मीटरवरचा खांब. अडॅप्टर दोन आहेत: पूर्वीच्या कॅनन डीएसएलआरसाठी एम४२ ते ईएफ अशी पातळ चकती होती, ती लेन्सवर कायम बसवलेली असते, आणि तिच्यामागे ईएफ ते सोनी ई. दोन्ही व्यवस्थित बसतात. आता उपाय सांगा.

तिपाई
हीच गोष्ट पहिल्या संदेशात असती तर निम्मा धागा वाचला असता.

जुनीकाच
२० मीटर हा आकडा फार उपयोगाचा आहे. फोकल लांबीचा वर्ग करून त्याला थांब्यावरच्या अंतराने भागले की चूक किती मिलिमीटरची आहे ते कळते. ५८ चा वर्ग ३३६४, त्याला २०,००० मिमीने भागले की सुमारे ०.१७ मिमी. म्हणजे आपले दोन अडॅप्टर मिळून जेमतेम दोन कागदांएवढे जास्त जाड आहेत. चकतीची योग्य जाडी १.४६ मिमी आणि मागच्या अडॅप्टरची २६ मिमी; दोन बैठका, दोन सांधे, आणि प्रत्येक ठिकाणची थोडी थोडी चूक एकत्र आली की एवढे सहज होते. एम४२ च्या आट्या एका फेऱ्यात १ मिमी पुढे सरकतात, म्हणजे लेन्स पूर्ण बसायला एक षष्ठांश फेरा कमी पडला तरी नेमकी हीच चूक निर्माण होते. तेव्हा आधी आट्यांमधली घाण साफ करा, लेन्सचा खांदा चकतीला सगळीकडून टेकतो का ते पाहा आणि चकतीच्या कडेला बारीक स्क्रू असल्यास ते ढिले नाहीत याची खात्री करा.

रविवारसाठी उपाय आपल्या हातातच आहे. दूरच्या बिंदूचा सेन्सरवर जो ठिपका पसरतो, त्याचा व्यास म्हणजे ही चूक भागिले एफ-आकडा. एफ/२ ला तो ०.०८५ मिमी होतो, म्हणून चित्र पुसट. एफ/५.६ ला ०.०३ आणि एफ/८ ला ०.०२१. फुल फ्रेमसाठी ०.०३ मिमी ही जुनी मान्य मर्यादा आहे, त्यामुळे एफ/८ ला डोंगरकड चांगली दिसेल.

सावकाश
म्हणजे मी जे सांगत होतो तेच झाले. २८ मिमीला हा त्रास होतच नाही, माझ्याही अडॅप्टरांना कोणी मोजून पाहिलेले नाही.

जुनीकाच
सावकाश, येथे असहमती नोंदवणे भाग आहे. याच जोडीवर २८ मिमी लावली तर ती साडेचार मीटरच्या पुढे फोकस होणार नाही, आणि एफ/८ ला क्षितिजावरचा ठिपका तेवढाच, ०.०२१ मिमी, पसरेल. कारण त्या भागाकारात फोकल लांबी येतच नाही. आपल्याला दोष दिसला नाही याचे श्रेय एफ/८ ला आहे. तीच लेन्स एफ/२.८ ला उघडून दूरचे झाड टिपून पाहावे. चालता चालता टिपायची आपली पद्धत मात्र मलाही मनापासून आवडते.

पानगळ
एवढ्या हिशोबाची गरज नाही. फोकस रिंगच्या कडेचे बारीक स्क्रू ढिले करून इन्फिनिटीचा थांबा थोडा पुढे सरकवता येतो. मी दोन-तीन लेन्सवर हे केले आहे, अर्ध्या तासाचे काम आहे.

तिपाई
पानगळ, दोष अडॅप्टरमध्ये असताना लेन्स हलवणे मला अजिबात पटत नाही. उद्या तीच लेन्स योग्य मापाच्या अडॅप्टरवर लावली की खुणा आणि प्रत्यक्ष अंतर यांचा मेळ बसणार नाही. आणि ज्याने ते स्क्रू कधी उघडलेले नाहीत त्याने रविवारच्या तोंडावर चुकीच्या मापाच्या स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी झिजवावीत, हा सल्ला देऊ नये. आधी दुसरी एखादी एम४२ लेन्स त्याच जोडीवर लावून पाहावी. तीही अडली तर अडॅप्टर दोषी, ती न अडल्यास हेलिओस.

पानगळ
काळजीपूर्वक केल्यास काही होत नाही. परंतु आधी खात्री करावी, हे मान्य.

स्थिरचित्त
कॅमेऱ्यात स्थिरीकरण असेल तर त्यात फोकल लांबी हाताने ५८ भरावी लागते, कारण लेन्स कॅमेऱ्याला काहीच सांगत नाही. तो आकडा चुकीचा राहिल्यास चित्र उलट हलते. त्याचाही परिणाम पुसटपणात दिसतो.

वाळवण
या निमित्ताने सांगतो की सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या काही आवृत्त्यांत थोरियमयुक्त काच असते आणि ती काळाने पिवळी पडते. अतिनील दिव्याखाली किंवा उन्हात काही दिवस ठेवल्यास ती पुष्कळ निवळते. कोणाला हवे असल्यास सविस्तर लिहीन.

तिपाई
वाळवण, त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा. पिवळेपणा हा येथे प्रश्नच नाही.

दिठी
स्थिरीकरणात ५८ आधीपासूनच आहे. आट्या साफ केल्या, स्क्रू आवळलेले आहेत, फरक पडला नाही. गटातल्या एकांची १३५ मिमीची एम४२ लेन्स त्याच जोडीवर लावली, तर ती सुमारे १०० मीटरच्या पुढे जात नाही.

जुनीकाच
१३५ चा वर्ग १८,२२५, भागिले ०.१७, उत्तर सुमारे १०७ मीटर. दोन वेगळ्या लेन्स एकच चूक दाखवत आहेत, म्हणजे आपली हेलिओस निर्दोष आहे. एम४२ ते सोनी ई असा एकसंध अडॅप्टर घ्यावा आणि चकतीला सुट्टी द्यावी.

रविवारी त्या लेन्सच्या दोन अ‍ॅपर्चर रिंगांचा पुरेपूर उपयोग करा. पुढच्या रिंगेवर एफ/८ ठरवून ठेवा. मग दुसरी रिंग नुसत्या बोटाने एफ/२ पासून एफ/८ पर्यंत फिरते आणि तेथेच थांबते, त्यामुळे व्ह्यूफाइंडरवरून डोळा काढावा लागत नाही. डोंगरासाठी फोकस थांब्याला टेकवून अ‍ॅपर्चर बंद करायचे, आणि वाटेत दवाचे पान दिसले की उघडून एफ/२ ला फोकस करायचा. धुक्यातली झाडे एफ/२ ला हवीच असतील तर वीस मीटरच्या आतली निवडा. धुके दाट असताना त्यापलीकडचे तसेही विरघळलेले असते.

दिठी
हे सगळे करता येण्यासारखे आहे. एकसंध अडॅप्टर मागवतो. तो आला की रिंग पूर्ण टेकवून दूरचे टिपायला हरकत नाही ना?

जुनीकाच
हरकत आहे. पुष्कळ एकसंध अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ ठेवलेले असतात, म्हणजे सर्व लेन्स इन्फिनिटीला पोहोचतात. अशा अडॅप्टरवर रिंग थांब्यापर्यंत नेली की फोकस इन्फिनिटी ओलांडून जातो आणि दूरचे दृश्य पुन्हा पुसट होते. तीच मनोऱ्याची चाचणी एफ/२ ला, चित्र मोठे करून परत करा, आणि कड सर्वांत स्पष्ट होते तेव्हा रिंगेवरची खूण कोठे आहे ते पाहून ठेवा. त्या अडॅप्टरसाठी तीच आपली खरी इन्फिनिटी.