शेजारी पायलिंग (पायाचे खांब जमिनीत बसवणं) सुरू होतंय, लॅब कशी सांभाळावी?

पेशीवाली
नमस्कार मंडळी. आमची लॅब पुण्यात, तळमजल्यावर. कंपाउंडच्या पलीकडे, जेमतेम २० मीटरवर, नव्या इमारतीचं खोदकाम दोन आठवड्यांत सुरू होतंय. आमच्याकडे पेशींची बारीक चित्रं घेणारा कॉन्फोकल मायक्रोस्कोप आहे, ग्रॅमचे चार दशांश दाखवणारा वजनकाटा आहे, उणे ८० अंशांचे दोन फ्रीजर आहेत आणि वरच्या मजल्यावर उंदरांचं ब्रीडिंग चालतं. दोन मुली पीएचडीच्या शेवटच्या वर्षात आहेत, त्यांचं काम वर्षभर थांबवणं शक्यच नाही. आधी काय हाती घ्यावं?

हादरेमोजणी
आजपासून मोजायला लागा. हे दोन शांत आठवडे पुन्हा मिळणार नाहीत.

एकच प्रमाणित वजन रोज दहा वेळा तोला आणि आकडे किती विखुरतात ते लिहा. कॉन्फोकलवर चकाकणाऱ्या सूक्ष्म मण्यांची एकच स्लाइड ठेवून रोज ठरावीक वेळी, त्याच सेटिंगवर चित्रं घ्या. काम सुरू झाल्यावर हेच चालू ठेवा. नाहीतर चार महिन्यांनी एखादा निकाल विचित्र आला, तर तो पेशींमुळे की साइटवरच्या खडक फोडणाऱ्या ब्रेकरमुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आपल्याकडचंच उदाहरण देतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी अलिबागला हलवल्या. पण १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून जुनी मालिका नवीशी जोडता आली. तुम्ही काटा किंवा मायक्रोस्कोप दुसऱ्या खोलीत नेणार असाल, तर थोडे दिवस तरी असंच करा.

पेशीवाली
हे डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार. कॉन्फोकलखाली हवेवर तरंगणारं टेबल आहे, ते पुरेल का?

हादरेमोजणी
त्यावर विसंबू नका. अशा टेबलाची स्वतःची लय साधारण १-२ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला एक-दोन हेलकाव्यांची असते. त्याहून बऱ्याच जलद कंपनांना ते अडवतं, पण त्या लयीच्या आसपासचा संथ हेलकावा उलट वाढवतं. साइट इंजिनिअरना भेटून खांब ठोकून बसवणार की ड्रिल करून, ते विचारा. ठोकण्याचे हादरे फार जास्त.

पिंजरेवाले काका
ताई, उंदरांचं आधी बघा. आपल्याला ऐकू न येणारे आवाज त्यांना ऐकू येतात. आमच्या शेजारी तोडफोड चालली होती तेव्हा माद्यांनी पिलं खाल्ली, तीन महिने ब्रीडिंग बसलं. जोड्या हलवायच्या तर काम सुरू व्हायच्या आधी हलवा, गाभण मादी तर अजिबात उशिरा नको. जागा बदलल्याचाही त्यांना ताण होतो, आठवडाभर स्थिरावू द्या. एथिक्स कमिटीची परवानगी लागेल, अर्ज आजच टाका.

बुरशीग्रस्त
काकांना +१. धुळीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. खोदकामात मातीतल्या अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू उडतात. खिडक्यांच्या फटी टेपने बंद करा, लॅमिनारचे (गाळलेल्या हवेत काम करायच्या कपाटाचे) प्रीफिल्टर नेहमीपेक्षा लवकर साफ करा, इन्क्युबेटरमधल्या ट्रेचं पाणी वरचेवर बदला. आठवड्यातून एकदा अगारच्या (बुरशी वाढवायच्या जेलीच्या) प्लेट्स तासभर उघड्या ठेवून नंतर उगवलेल्या वसाहती मोजा, म्हणजे बुरशी फ्लास्कमध्ये शिरायच्या आधी कळेल.

आणि महत्त्वाच्या पेशींच्या गोठवलेल्या व्हायल (छोट्या कुप्या) दुसऱ्या इमारतीत ठेवा. आमच्याकडे जेसीबीने रविवारी विजेची केबल तोडली, सोमवारी सकाळी कळलं. एका विद्यार्थ्याचं दोन वर्षांचं काम गेलं, अजून वाईट वाटतं. फ्रीजरला फोनवर वाजणारा अलार्म लावा आणि जनरेटर खरोखर लोड घेतो का, तेही एकदा तपासा.

पेशीवाली
आज इंजिनिअरना भेटून आले. ड्रिल करूनच खांब बसवणार आहेत. ब्रेकर सकाळी ९ ते दुपारी २ चालेल आणि बदल झाला तर आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप करतील. कॉन्फोकलच्या पाळ्या आता दुपारी ३ नंतर. मुलींना रात्री परतताना अडचण नको म्हणून संस्थेची गाडी मागितली आहे. मण्यांची स्लाइड उद्यापासून. काका, गाभण नसलेल्या माद्या आधी हलवू की नर-मादी जोडीनेच?

पिंजरेवाले काका
जोडीनेच, त्यांच्याच पिंजऱ्यात. घरट्याचा कापूस बदलू नका.